पप्पांचं अक्षर गावभर

मार्चमध्ये पुण्याच्या एका कंपनीनं व्हिडिओ कॉलवर माझी मुलाखत घेतली. कंपनी लहान, काम एकच: मराठीचे आणि आपल्याकडच्या इतर भाषांचे फॉन्ट बनवायचे. समोरच्या बाईंनी विचारलं, "कॉम्प्युटर सायन्सच्या मुलीला अक्षरांचं वेड कुठून लागलं?" झालं, मी सुटले. माझे वडील पेंटर आहेत, भिंती रंगवणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. त्यांच्याशेजारी बसून मी अक्षर बघायला शिकले. त्यांचा हात थकायच्या आत तो कुठंतरी जपून ठेवावा म्हणून मी संगणकाकडं वळले. सगळं सांगितलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले आणि म्हणाल्या, "वडील किती खूश असतील!"

"लई खूश हायत," मी म्हणाले. "मी सांगतो की त्यांना, तुम्ही विचारलासा म्हणून."

आमच्या कोल्हापुरात पोरीसुद्धा 'मी येतो, मी सांगतो' म्हणतात. मुलाखतीसाठी आठवडाभर 'येते, सांगते' घोकलं होतं, ते ऐनवेळी गेलं उडत. बाई हसल्या. मीही हसले. 'लई खूश हायत', एवढं मात्र खोटं होतं.

कारण त्या घडीला पप्पा कागलला गेले होते, चोर शोधायला. कुणीतरी आपलं अक्षर उचललंय आणि त्यात पाट्या करून खातंय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. कागलकडचा एखादा नवा पेंटर असणार, असा त्यांचा संशय होता. आणि चोर इकडं मंगळवार पेठेत, त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीवर बसून, त्यांच्याच कौतुकावर नोकरी मिळवत होता.

पप्पांबद्दल आधी सांगायला पाहिजे. पप्पांनी या भागात काय काय रंगवलं नाही ते विचारा. दूध संस्थांच्या पाट्या, कबनूरच्या यंत्रमागवाल्यांच्या कारखान्यांची नावं, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागची वाक्यं, खानावळीच्या भिंतीवरचा तांबडा-पांढरा रस्सा. कागलला तर एक अख्खी बाजारपेठ होती त्यांच्या हातची. फ्लेक्स आला आणि बाकीचे पेंटर एकेक करून पांगले. कुणी रिक्षा घेतली, कुणी सेल्समन झाला. पप्पा तगले, ते त्यांच्या अक्षरामुळं. काही माणसं अशी होती, की त्यांना दुकानावर दुसरं अक्षर चालायचंच नाही. "पेंटर, तुमच्या हातचं पायजे बघा," म्हणत घरापर्यंत यायची.

आणि जयंती. एप्रिलमध्ये आमच्या चौकात कमान उभी राहते. तिच्यावरचं कापड पप्पा रंगवायचे, आणि ते घरात बसून नाही, चौकात, सगळ्यांसमोर. दोन बांबूंना पांढरं कापड ताणायचं, निळीत बुडवलेली दोरी धरून रेघ मारायची, आणि पप्पांनी पहिलं अक्षर काढेपर्यंत कुणी बोलायचं नाही. विहारातली म्हातारी माणसं खुर्च्या आणून बसायची. अक्षर पुरं झालं की पहिला चहा पप्पांना. या कामाचा एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही, आणि ते काम दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही. वर्षभर गप्प असणारा माणूस त्या संध्याकाळी दोन इंच उंच व्हायचा. मला आठवतंय तेव्हापासून मी त्या चौकात रंगाचा डबा धरून उभी असायचे, आणि माझा बाप आहे हा, असं तोंड करून सगळ्यांकडं बघायचे.

तर वेड असं लागलं. संगणकाकडं मी आले ते पगाराकडं बघून नव्हे, हे सांगितलं की आमचे नातेवाईक अजून हसतात. मामा तर तोंडावर म्हणतो, "म्हंजे बापानं ब्रशनं केलं ते तू उंदरानं करणार व्हय?" तिसऱ्या वर्षाला सरांनी एकेकाला उभं करून करिअरचं ध्येय विचारलं. पोरं पुणे, हैदराबाद, परदेश असं सांगत होती. मी म्हटलं, मराठी फॉन्ट करायचे आहेत. सर म्हणाले, "छंद म्हणून ठीक आहे." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, तुमच्या लग्नाची पत्रिका काय छंदानं छापली व्हय?" वर्ग फुटला. इंटर्नलचे मार्क त्यांनी कापले ते कापलेच.

पण मला खरंच तेच करायचं होतं. लोकांना वाटतं, फॉन्ट म्हणजे चित्रं काढली आणि झालं. मराठीत तसं भागत नाही. क आणि ष जवळ आले की क्ष झाला पाहिजे, र कधी डोक्यावर जातो, कधी पायात येतो, वेलांटी अक्षराच्या अंगाप्रमाणं लहानमोठी व्हावी लागते. हे सगळं यंत्राला कुणीतरी समजावून सांगावं लागतं, आणि ते समजावणं म्हणजे प्रोग्रॅमच. चित्र आणि प्रोग्रॅम एकाच ताटात वाढलेलं असं काम मला दुसरं कुठं दिसलं नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आला तेव्हा मी विचारसुद्धा केला नाही. पप्पांचं अक्षर.

पप्पांना सांगितलं, "कॉलेजचा प्रोजेक्ट हाय. तुमची सगळी बाराखडी लिहून पायजे."

"कसली पायजे?" ते म्हणाले. "दुकानाची का ट्रॉलीची? दुकानाच्या अक्षरात गिऱ्हाईक आत आलं पायजे, ट्रॉलीच्या अक्षरात मागचा गाडीवाला लांब ऱ्हायला पायजे."

"कमानीची."

ते नुसतं हसले. दिवाळीनंतर कामं थंड होती. रोज दुपारी जेवण झालं की ते चार्टपेपर पसरायचे आणि लिहायचे. मला एकच र नको होता, निरनिराळे हवे होते, कारण हातानं लिहिताना माणूस तेच अक्षर दुसऱ्यांदा तसंच्या तसं काढत नाही. माझ्या फॉन्टनं ते आपोआप बदलत जावं, कुणाला छापील वाटू नये, ही माझी सगळ्यात मोठी हौस. पप्पा पुन्हा पुन्हा लिहायचे, कंटाळायचे नाहीत. आई भांडी घासता घासता ओरडायची, "अवो, पोरीचं मार्क हायत का तुमचं?" ते म्हणायचे, "माझंच हायत."

त्यांच्या डोक्यात प्रोजेक्ट म्हणजे काय, तर सरांनी बघायचं, मार्क द्यायचे, आणि मग कपाटात. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. कपाटात जात नाही, हे त्यांना सांगायचं मला सुचलंही नाही.

फॉन्ट झाला. मला आजही त्याचा अभिमान आहे, आणि या गोष्टीतलं सगळ्यात वाईट काही असेल तर ते हेच. पडद्यावर मी 'कोल्हापूर' टाइप केलं आणि पप्पांच्या हातचं कोल्हापूर उमटलं. मी रडले. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या भावाचं फ्लेक्सचं दुकान आहे; मोठ्या आकारात छापल्यावर कडा कशा येतात ते बघायला मी तिला फाइल दिली. "बघ की जरा, कसं येतंय," एवढंच बोलले. कुणाला देऊ नकोस, असं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असंही तेव्हा वाटलं नाही. आपल्या पोराचं कौतुक चारजणांनी करावं असं आईला वाटतं, तसं मला वाटत होतं.

आठवड्याभरात राजारामपुरीत एका मटणाच्या खानावळीवर बोर्ड बघितला. पप्पांचं अक्षर, आणि पप्पांनी न काढलेलं. मी गाडी बाजूला घेतली आणि भर रस्त्यात ओरडले, "आयला, नाद खुळा!" शेजारचा फळवाला दचकला. "काय झालं, ताई?" म्हणाला. लपवत नाही, मला आनंदच झाला होता. मग कोचिंग क्लासचा बोर्ड दिसला, मग नगरसेवकाच्या वाढदिवसाचा. फाइल मोबाइलवरून मोबाइलवर पळत होती आणि दुकानदारांनी तिचं बारसंही करून टाकलं होतं: पेंटर फॉन्ट. "पेंटरमध्ये करू का?" असं ते गिऱ्हाइकाला विचारायचे. गिऱ्हाईक व्हय म्हणायचं. का नाही म्हणेल? पप्पांच्या हातची पाटी व्हायला चार दिवस लागायचे, ही अर्ध्या तासात.

घरापर्यंत येणारी माणसं यायची थांबली. पप्पा सकाळी उठून ब्रश रॉकेलमध्ये धुवायचे, पुसायचे, पुन्हा ठेवायचे. एके दिवशी बाहेरून आले ते तसेच चप्पल न काढता ओट्यावर बसले. "कोण तर माझं अक्षर मारतंय," आईला म्हणाले. "हुबेहूब. अगं, माझा र जरा डावीकडं झुकतो की न्हाय, ते बी मारलंय. कागदावर काढून फ्लेक्सवाल्यास्नी देत असंल. असला हात कुणाचा असंल?"

मी आत होते. बाहेर यावं, सांगावं, पप्पा, हात कुणाचा नाही, तुमचाच आहे, मी दिलाय. मी लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि आतच बसले. आई म्हणाली, "जाऊ दे की, त्याचं पोट भरंना का." तर पप्पा म्हणाले, "पोट भरू दे. मला फक्त बघायचंय त्याला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपल्याइतका चांगला पेंटर गावात आहे, याचं त्यांना कुतूहल होतं, आणि थोडा आनंदही होता. मी तिथंच मेले. त्यानंतर ते कबनूरला जाऊन आले, गडहिंग्लजला जाऊन आले. आणि माझी मुलाखत होती त्या दिवशी कागलला. संध्याकाळी दमून आले, "गावंना बाबा," म्हणाले. मी चहा करून दिला. मुलाखतीचं विचारलं तर मी म्हणाले, बरी झाली.

रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज काहीतरी निमित्त सापडायचं. आज पप्पा थकलेत, आज आईचं डोकं दुखतंय, आज पाहुणे आलेत. सांगणाऱ्याला कारण लागत नाही, न सांगणाऱ्याला रोज नवं मिळतं. एव्हाना पुण्याहून निवडीचा फोन आला होता. त्यांना मी हवी होते, आणि अर्जासोबत पाठवलेला पप्पांचा फॉन्टही हवा होता. बाईंनी सांगितलं, "वडिलांची परवानगी घे, त्यांच्या नावानं काढू." मी व्हय म्हणून फोन ठेवला आणि तेही पोटात ठेवलं.

मग एप्रिल आला. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी पप्पांनी धुतलेला सदरा घातला, ब्रश फडक्यात गुंडाळले, मला म्हणाले, "चल, डबा घे." एवढी वाढलेली पोरगी, तरी डबा मीच धरायचा असा रिवाज. आम्ही चौकात आलो तर बांबूंना कापड नव्हतं. कमान तयार होती. वर फ्लेक्स ताणलेला, निळाशार, चकचकीत, आणि त्यावर पप्पांच्या अक्षरात सगळा मजकूर लिहून तयार. खुर्च्या मांडल्या होत्या. म्हातारी माणसं बसली होती.

मंडळाची पोरं धावत आली. चांगली पोरं आहेत, माझ्याबरोबर वाढलेली. त्यांचे चेहरे नुसते फुलले होते. "काका, सरप्राइज! औंदा तुमाला तासतासभर उभं ऱ्हायला नको म्हटलं. बघा की, तुमचंच अक्षर हाय!"

पप्पा वर बघत राहिले. फडकं काखेत तसंच. मग त्यांनी विचारलं, "कुणी काढलं?"

"काढलं कुठं, काका! कॉम्प्युटर हाय. तुमच्या लेकीनंच केलंय न्हवं. तुमाला म्हाईत न्हाय व्हय? सगळं गाव वापरतंय की."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात रंगाचा डबा होता, तो कुठं ठेवावा ते मला कळेना. मला वाटलं ते ओरडतील, कानाखाली वाजवतील. वाजवली असती तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "असं व्हय." पोरांनी चहा आणला, पहिला त्यांनाच. पप्पांनी घेतला, संपवला, पोरांच्या पाठीवर थाप मारली, "झ्याक झालंय," म्हणाले. आणि घरी आले. दोन इंच उंच होणारा माणूस खाली बघत चालत होता, आणि मी त्याच्या मागं डबा घेऊन.

घरी आल्यावर ते पाटावर बसले आणि म्हणाले, "बस खाली. कागलला मी कुणाला शोधत हुतो?"

"मला."

"आणि तुला म्हाईत हुतं."

"व्हय."

आई मध्ये पडली. "पोरीनं प्रेमानं केलं, अवो." पप्पा म्हणाले, "म्हाईत हाय मला. प्रेमानं केलंय म्हणूनच इतकं बरोबर झालंय." मग मला विचारलं, "ते परत घेता येतंय का?"

मी शिकलेली. संगणकातलं कितीतरी मला येतं. या एका प्रश्नाचं उत्तर मला आधीपासून माहीत होतं. "न्हाय, पप्पा. एकदा गेलं की गेलं."

"निदान फुडं कुणी वापरायचं तर थांबवता येतंय?"

"न्हाय."

त्यांनी मान हलवली. मग मी रडत रडत पुण्याचंही सगळं सांगितलं, नोकरीचं, फॉन्टचं, परवानगीचं. म्हटलं, तुम्ही नको म्हणाला तर मी जाणार नाही, इथंच काहीतरी बघते. तर त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "जाणार न्हाईस म्हंजे? माझं अक्षर गेलं ते गेलं, आता तुझं बी घालवणार व्हय? जा तू. नोकरी धर."

"आणि परवानगी?"

"दे की. सगळ्या गावाकडं हाय, पुण्याकडं बी असंना का." मग म्हणाले, "पोरी, आधी इचारली असतीस तर मी व्हयच म्हटलो असतो. इचारायचं तरी हुतंस."

माफी मागितली, पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. ते रागावलेले नाहीत, आणि त्यामुळंच मला सुटका नाही. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. इथं समजूत कशाची काढू?

आता जुलै. पुढच्या महिन्यात मी पुण्याला जाणार. बॅग भरायला घेतली आहे. आई लोणच्याच्या बरण्या बांधतेय. आणि पप्पा गेले काही आठवडे रोज दुपारी जेवण झालं की जुनं वर्तमानपत्र पसरून बसतात. आधी वाटलं, हाताला काम नाही म्हणून उगाच. काल जवळ जाऊन बघितलं. ते बाराखडी गिरवत होते, पण ती त्यांची नव्हती. र ताठ उभा केलेला. वेलांट्या चौकोनी, जबरदस्तीनं वळवलेल्या. क चं फुगीर पोट कापून टाकलेलं. उभ्या आयुष्यात ज्या वळणावर त्यांचा हात आपसूक वळत आला, तिथं ते त्याला अडवत होते, आणि हात ऐकत नव्हता. एक ओळ बिघडली की ती खोडून पुन्हा. कपाळावर घाम होता.

"काय करालाय, पप्पा?"

"नवीन हात बसवालोय," ते मान वर न करता म्हणाले. "जुना आता गावाचा झाला न्हवं का."

मी त्यांच्याशेजारी बसले. अक्षर चांगलं नव्हतं. मला कळतं, मी तेच शिकले आहे. नवख्या पेंटरचं असतं तसं ते अक्षर होतं, डगमगतं, कुठंच न बसणारं. मी म्हटलं, "छान येतंय की." त्यांनी ब्रश थांबवला. माझ्याकडं बघितलं, आणि लहान पोराला सांगावं तितक्या हळू आवाजात म्हणाले, "एवढं तरी कुणाला देऊ नगंस."